कंटेनर-घरात दरवर्षी पाणी ठिबकतं? छताला डांबर लावण्याआधी हे तपासा

जुना कंटेनर आणून रानात घर केलं, की पहिलं वर्ष सहसा बरं जातं. दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी गादी ओली लागायला लागते, छताच्या फळ्यांवर काळे ठिपके उठतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो. मिस्त्री येतो, वर चढून बघतो, 'पत्रा गळतोय' म्हणतो आणि डांबराचा किंवा वॉटरप्रूफिंगचा जाड थर देऊन जातो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. किनवट-माहूरकडच्या सागाच्या रानात, कन्नडला गौताळ्याच्या कडेने, येडशीच्या डोंगराशी ज्यांनी आपल्या वावरात कंटेनर टाकून घर केलंय, त्यांच्याकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. बहुतेकांनी तोवर छतावर दोन-तीनदा खर्च केलेला असतो.

यातलं बरंचसं पाणी वरून येतच नाही. ते घरातल्या हवेतून येतं. म्हणून छत आणि फटी जितक्या घट्ट बंद कराल तितका त्रास वाढत जातो. पैसे खर्च करण्याआधी आपल्या घरात नेमकं कोणतं पाणी येतंय ते ओळखायला हवं, कारण प्रत्येक पाण्याचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं.

पाणी येतं कधी, ते आधी बघा

घरात एक वही ठेवा. ओल दिसेल त्या दिवशी वेळ, पाऊस होता का, आभाळ मोकळं होतं का आणि रात्री आत किती माणसं झोपली होती, एवढंच लिहा. एक पाणकळा आणि एक हिवाळा अशी नोंद झाली की निम्मं निदान झालेलं असतं.

पाऊस नसताना, मोकळ्या आभाळाच्या थंड रात्रीनंतर पहाटे पाणी दिसत असेल तर ती गळती नव्हे. वर पाणीच नव्हतं तर गळणार काय? हे हवेतलं पाणी. थेंब स्वच्छ असतात आणि छताच्या नालीदार पत्र्यावर सगळीकडे सारखे पसरलेले असतात. पाऊस सुरू झाल्यावर थोड्या वेळाने, दर वेळी त्याच जागी, तांबूस पाणी उतरत असेल तर ती खरी गळती. गंजातून झिरपून आल्यामुळे तिचा डाग तपकिरी पडतो. आणि झड लागून चार-सहा दिवस झाल्यावर जमीन आणि भिंतीचा खालचा वीतभर भाग दमट होत असेल, तर ओल खालून चढते आहे.

यात एक प्रकार हमखास फसवतो. मे महिन्यात दिवसभर कूलर चालू असतो, खिडक्या लावलेल्या असतात, आतली हवा दमट झालेली असते. संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, कधी गारा पडतात. तापलेला पत्रा काही मिनिटांत गार होतो आणि आतून थेंब पडायला लागतात. बाहेर पाऊस, आत थेंब. कोणीही गळतीच म्हणणार. खात्री करायची असेल तर त्या वेळी दारं-खिडक्या उघडा आणि कूलरची पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पाऊस चालू असतानाच ठिबकणं कमी झालं, तर ते आतल्या हवेचं पाणी होतं.

पुढच्या तीन चाचण्यांना पैसे लागत नाहीत. भर दुपारी कंटेनर रिकामा करून, सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधारात पाच-सात मिनिटं थांबा. डोळे सरावले की पत्र्याला कुठे भोक असेल तर उजेडाचा टिपका दिसतो. बंदरावर माल भरण्याआधी कंटेनर तपासतात तो याच पद्धतीने. आतून फळ्या मारलेल्या असतील तर ही चाचणी करता येत नाही, तेव्हा नळी घ्या. दोन माणसं लागतात, एक बाहेर आणि एक आत. पाणी खालून वर मारत जायचं: आधी खिडकीची खालची पट्टी, मग बाजू, मग वरची पट्टी, शेवटी छत. प्रत्येक जागी दहा मिनिटं. आधीच छतावरून पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. तिसरी चाचणी जमिनीची. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी प्लास्टिकच्या खाली असेल तर ओल जमिनीतून येते, वर असेल तर हवेतून.

हवेतलं पाणी: कुठून आणि किती

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच इथे आतून होतं. कंटेनरची भिंत म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा पोलादी पत्रा. रात्री आभाळ मोकळं असलं की छताचा पत्रा आपली उष्णता आभाळाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. आतली दमट हवा त्याला टेकली की वाफेचं पाणी होतं. आत २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर १९ अंशांच्या खाली गेलेल्या प्रत्येक पत्र्यावर पाणी बसणार. किनवटकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो अशा रात्री येतात. मग पत्रा कोरडा राहणार कसा?

आता हिशेब मांडून बघा. ४० फुटी कंटेनरात आत साधारण ६७ घनमीटर हवा असते, २० फुटीत ३३. १५ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. म्हणजे पूर्ण ४० फुटी कंटेनरातली हवा फार तर पाऊण-एक लिटर पाणी धरू शकते, आणि त्यातलं बरंचसं तिच्यात आधीपासून असतंच. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं आठ तास झोपली की लिटरच्या पुढे पाणी झालं. त्याआधी संध्याकाळी आत स्वयंपाक झालेला असतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती गॅसच्या जळण्यातूनच होते, भाताची आणि वरणाची वाफ आणखी वेगळी. आतच वाळत घातलेले कपडे असतील तर बोलायलाच नको. हे सगळं पाणी बंद पेटीत कुठे जाणार? सगळ्यात गार जागेवर.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरात हा त्रास का नव्हता, तेही इथेच कळतं. माळवदाची जाड माती ओल पिऊन घेते आणि दिवसा हळूहळू सोडते, आणि वरच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, दमट हवा बाहेर निघून जाते. पत्रा थेंबभरही पीत नाही. शिवाय कंटेनरला वरच्या कडेजवळ कंपनीतून आलेली छोटी हवेची भोकं असतात, झाकण लावलेली, ती नूतनीकरणात पुट्टी आणि रंगाखाली हमखास बुजवली जातात. ती मोठ्या कामाची नसतात, पण बुजवली की होती तेवढी वाटही बंद होते.

ग्लास वूल आणि पीव्हीसी पॅनलने काय होतं

नूतनीकरणाचं ठरलेलं काम असं असतं: पत्र्याला चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा वेल्ड करायचा, मध्ये ग्लास वूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरायचं, वरून पीव्हीसी पॅनल किंवा जिप्सम बोर्ड मारायचा. दिसायला सुरेख. पण ग्लास वूल उष्णता अडवतं, वाफ अडवत नाही. वाफ त्यातून आरपार जाऊन मागच्या गार पत्र्यावर पाणी होते, ते पाणी वूलमध्ये मुरतं आणि वूल ओलं झालं की उष्णताही अडवेनासं होतं. आता पाणी दिसत नाही, एवढाच फरक. पॅनलच्या मागे पत्रा वर्षभर ओला राहतो.

कंटेनर कॉर्टन स्टीलचे असतात आणि 'कॉर्टन गंजत नाही' असं विकणारे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कॉर्टनवर गंजाचा जो घट्ट थर बसून पुढचा गंज थांबतो, त्यासाठी पत्रा भिजला की पुन्हा वाळायला पाहिजे. सतत ओला राहिला तर कॉर्टनही साध्या लोखंडासारखाच खात जातो. म्हणून पॅनलमागची ओल ही छताच्या उघड्या गळतीपेक्षा वाईट. गळती दिसते, ही दिसत नाही.

दुसरी खूण बघा. बोर्डावर दर दोन फुटांवर उभ्या किंवा आडव्या काळपट पट्ट्या उठल्यात का? त्या बरोबर लोखंडी पाइपच्या रेषेवर असतात. पाइप पत्र्याला वेल्ड केलेला आहे, बोर्ड पाइपला स्क्रूने बसवलाय. बाहेरचा गारवा थेट बोर्डापर्यंत पोचतो आणि तेवढ्याच रेषेत ओल धरून बुरशी येते. ही खूण दिसली तर रंग बदलून उपयोग नाही.

आणि पाणकळ्यात एसी चालवत असाल तर खेळ उलटा होतो. तेव्हा बाहेरची हवा गरम-दमट आणि आतला बोर्ड गार. बाहेरची हवा फटीतून पोकळीत शिरते आणि बोर्डाच्या पाठीवर पाणी सोडते. म्हणून नुसतं आतल्या बाजूने प्लास्टिक लावून हा प्रश्न मराठवाड्यात सुटत नाही. थंड मुलखातला तो उपाय इथे अर्धं वर्ष उलट काम करतो.

काय करायचं

दोन्ही ऋतूंत चालणारा उपाय असा, की हवेला पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. पॅनल आणि वूल काढा. पत्रा पूर्ण वाळू द्या, गंज काढून प्रायमर मारा आणि थेट पत्र्यावर बंद पेशींचा, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणारा, पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून घ्या, किमान ५० मिलिमीटर, मध्ये पोकळी न ठेवता. नालीदार पत्र्याच्या खाचाखोचांत तो भरून बसतो, हेच त्याचं मोल. फवारणारा माणूस बघून घ्या, कारण जिथे थर पातळ राहील तिथेच पुन्हा थेंब येतील. आतला सांगाडा लाकडी पट्ट्यांचा करा; लोखंडीच ठेवायचा असेल तर पाइप आणि पत्रा यांच्यात फोम जाईल एवढं अंतर ठेवा आणि पाइप तळाशी आणि वरच्या कडेलाच टेकवा. फोम उघडा मात्र कधीच ठेवू नका. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो; त्यावर जिप्सम किंवा सिमेंट फायबर बोर्ड पाहिजेच. रानातल्या घरात, जिथे उन्हाळ्यात पालापाचोळा पेटायची भीती असते, तिथे तर यात तडजोड नको.

सगळं काढणं परवडत नसेल, तर आधी वाफ बाहेर काढायची सोय करा. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त गुण याचाच येतो. चुलीवर आणि न्हाणीत एक्झॉस्ट फॅन लावा, आणि त्याची नळी थेट बाहेर काढा. बऱ्याच घरांत ती फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडून दिलेली सापडते, म्हणजे सगळी वाफ जिथे नको तिथेच. मग एका भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर आणि समोरच्या भिंतीत छताजवळ अशी दोन जाळीची झडपं करा. हिवाळ्यात रात्री ती थोडी तरी उघडी पाहिजेत. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून झोपणं हेच सकाळच्या पाण्याचं कारण असतं. आतून शेगडी पेटवून तर अजिबात झोपू नका. वाफ वाढते ते सोडा, बंद पेटीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

दुसरं छत

एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर मी दुसऱ्या छतावर घालीन. कंटेनरच्या वर निदान फूटभर पोकळी सोडून, उतार देऊन, साधं पत्र्याचं छत. रात्री आभाळाकडे उष्णता फेकायचं काम वरचा पत्रा करतो, कंटेनरचा पत्रा तेवढा गार होत नाही, म्हणून पहाटेचं पाणी कमी होतं. दिवसा ऊन वरचाच पत्रा झेलतो आणि मधल्या पोकळीतून गरम हवा निघून जाते. पाऊस कंटेनरच्या छतापर्यंत पोचतच नाही, म्हणजे जी बारीक गळती तुम्हाला सापडत नाहीये तीही बंद.

'आमच्या घरावर सागाची सावली आहे, दुसरं छत कशाला?' असं बरेच जण म्हणतात. साग हिवाळ्यापासून पानं गाळायला लागतो आणि ऐन एप्रिल-मे मध्ये झाड उघडं असतं. नांदेडकडे पारा ४० च्या पुढे जातो त्या महिन्यांत सावली नसतेच, ती येते पावसाबरोबर, जेव्हा तुम्हाला ऊन हवं असतं. आणि गळालेली पानं कंटेनरच्या छतावरच साठतात. सागाचं पान केवढं मोठं, ते नाल्यांत आडवं बसतं, त्याखाली ओल टिकते आणि पत्रा तिथूनच खातो. छताचे कोपरे आणि दाराच्या वरची पट्टी या दोन जागा आधी बघा. पानांच्या त्रासाने झाडावर कुऱ्हाड घालायचं मात्र मनात आणू नका: साग, मोह, ऐन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत आणि आपल्या स्वतःच्या वावरातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. छतावर घासणाऱ्या फांदीचंही आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

छत बांधताना त्याचे खांब कंटेनरच्या चार कोपऱ्यांवर घ्या. कंटेनर सगळा भार कोपऱ्यांच्या खांबांवर पेलतो. जहाजावर थरावर थर रचतात ते कोपऱ्यावर कोपरा ठेवूनच. मधला पत्रा एका माणसाच्या वजनापुरता. त्यात स्क्रू मारून अँगल बसवला की तुम्ही स्वतःच्या हाताने भोकं पाडलीत. दुसरं, मे-जूनचं वादळ छत खालून उचलतं, म्हणून खांब नुसते ठेवलेले नकोत, कोपऱ्याच्या कास्टिंगला (कोपऱ्यातल्या जाड पोलादी ठोकळ्याला) पक्के बोल्ट किंवा वेल्ड हवेत, आणि कंटेनरही पायाला बांधलेला हवा. चारही बाजूंना दोन फूट पत्रा बाहेर काढा, पश्चिमेला आणखी जास्त. पोकळीच्या तोंडांना जाळी लावा, नाहीतर मध्ये पाचोळा भरतो आणि तो उन्हाळ्यात ठिणगीला जळण होतो. पन्हाळ लावूच नका असं माझं मत आहे. सागाच्या रानात पन्हाळ आठवड्यात तुंबते. पाणी मोकळं पडू द्या आणि वळचणीखाली दगड-खडीचा चर काढून ते लांब सोडा.

वानरांचं राहिलं. छतावर उड्या मारून ती पत्रा दबवतात, खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथे गंज धरतो. वरचं छत उतरतं असलं की पाणी साचत नाही, आणि एखादा पत्रा बदलावा लागला तरी तो कंटेनरचा नसतो.

खरी गळती

चाचणीत खरी गळती निघाली तर ती सहसा कापलेल्या जागी असते: खिडकी, दार, दोन कंटेनर जोडलेला सांधा, किंवा कंटेनरला लागून बांधलेली विटांची भिंत. पोलाद उन्हाने वाढतं. ४० फुटी पत्रा रात्रीच्या २५ अंशांवरून दुपारी ६५ ला गेला तर लांबीत जवळजवळ ६ मिलिमीटर फरक पडतो. वीट तेवढी वाढत नाही. मधला सिमेंटचा किंवा कडक पुट्टीचा सांधा उन्हाळ्यात फाटतो आणि पावसात गळतो. दर वर्षी पुन्हा भरला तरी दर वर्षी फाटणारच. अशा जागी ताण सोसणारं पीयू सीलंट वापरा आणि त्यावर एका बाजूलाच पक्की केलेली पत्र्याची पट्टी झाका, म्हणजे दुसरी बाजू मोकळी सरकेल.

खिडकीच्या वरच्या बाजूला नालीदार पत्रा आणि सपाट चौकट यांत पोकळ्या राहतात. त्या नुसत्या सिलिकॉनने भरलेल्या असतात, आणि गंजक्या किंवा धुळकट पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही. वर अँगलची छोटी छपरी वेल्ड करा, खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि चौकटीतली पाणी जायची भोकं उघडी आहेत ना ते बघा. मोठी खिडकी कापताना भोवती पाइपची मजबूत चौकट दिली नसेल तर वरची कडा खाली झुकते, काच अडकते आणि सांधे उघडतात. तिथे सीलंटचा काही उपयोग नाही, आधी आधार द्यावा लागतो.

जमीन काळी असेल तर

पाणकळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात आपोआप सुटतं, असं होत असेल तर दोष दारात नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यावर नुसते दगड किंवा ब्लॉक मांडून कंटेनर ठेवला तर एखादा कोपरा वर-खाली होतो, पेटी पिळते, आणि नीट बंद केलेले सांधे पुन्हा उघडतात. दर वर्षी नवीन जागी गळती निघते तिचं कारण पुष्कळदा हेच असतं. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही कोपऱ्यांची पातळी मे अखेर आणि सप्टेंबरात मोजा. बोटभर जरी फरक पडला तर आधी पाया. कंटेनर जॅकवर घ्या, प्रत्येक कोपऱ्याखाली काळी माती पार करून मुरूम लागेपर्यंत खोदा आणि तिथून काँक्रीटचा खांब वर आणा. ४० फुटी असेल तर मध्येही आधार द्या.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर पाहिजे, खाली मुरूम आणि त्याखाली जाड प्लास्टिक, म्हणजे मातीची वाफ वर येत नाही. बाजूंना जाळी लावा, विंचू-साप आणि उंदीर लांब राहतात. खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढतात का ते महिन्यातून एकदा वाकून बघा. घर लोखंडी असलं तरी जमीन प्लायवूडची आहे. ही जमीन २८ मिलिमीटर जाड असते आणि जुन्या कंटेनरांत तिला कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या पाटीवर त्या लाकडावर काय प्रक्रिया केली ते लिहिलेलं असतं. ते वाचा, लाकूड उघडं ठेवू नका, इपॉक्सीचा थर द्या, आणि कापून उरलेले तुकडे चुलीत कधीही घालू नका. ओल खालून येत असताना वरून व्हिनाइलची चटई चिकटवली तर मधलं लाकूड कुजतं, म्हणून आधी तळ कोरडा, मग चटई.

गंज आणि रंगाचं वेळापत्रक

जिवंत गंजावर डांबर फासलं की तो आत चालूच राहतो. पोपडे उकरून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर मारा, मग वरचा रंग. जुन्या कंटेनरच्या रंगात शिसं असू शकतं. घासताना चांगला मास्क हवा आणि लेकरं जवळ नकोत. रंगाच्या वेळी पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त असावं लागतं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि वर्षात सुटतो. म्हणून पहाटे रंगकाम सुरू करू नका. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला: हवा कोरडी, पत्रा अजून भाजत नाही. मे मध्ये तापल्या पत्र्यावर रंगाला फोड येतात.

वायरिंग उघडं पडलेलंच असेल तर त्याच वेळी तपासून घ्या. ओल आणि लोखंडी भिंत एकत्र आल्यावर एक सोललेली वायर सगळ्या घरात करंट उतरवते. कंटेनरला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), दोन्ही हवेत. पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर पाइपमधून न्या, कापलेली धार तिला खाते.

पॅनल पुन्हा लावताना छतात एक आणि उत्तरेच्या भिंतीत एक, असे दोन बोर्ड स्क्रूने काढता येतील असे ठेवा. त्यांच्या मागचा फोम दर डिसेंबरात हाताने चाचपून बघा आणि आत एक साधं आर्द्रता मोजायचं यंत्र टांगा. थंडीत सकाळी ते ७० टक्क्यांच्या वर दाखवत असेल, तर त्या रात्री झडपं आणखी उघडी ठेवायची.